मऊ केली की डोलते

आमच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर एक मोटरहोम उभी असते. सिडकोतल्या आमच्या गल्लीत तिला सगळे 'व्हॅनिटी' म्हणतात, कारण सिनेमावाल्यांच्या असल्या गाड्या लोकांनी टीव्हीवर पाहिलेल्या असतात. गल्लीत नवं कुणी राहायला आलं की विचारतं, इथं शूटिंग आहे का? मी म्हणते, नाही, आमच्या मिस्टरांची आहे. मग लोक म्हणतात, वा, मजा आहे काकू तुमची. मी पुढं बोलत नाही. बोलायचं तर माझ्या पाठीपासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढं ऐकायला कुणाला वेळ नसतो.

मी टपाल खात्यातून निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात गच्चीच्या जिन्यावरून पडले. वाळलेल्या कुरडया गोळा करून खाली येत होते, हातात मोठं ताट होतं, पायाखालचं दिसलं नाही. कण्याचं ऑपरेशन झालं, मणके स्क्रूनं जखडले. त्यानंतर मला चालता यायचं, आडवं पडता यायचं, पण बसणं जमेना. थोडा वेळ खुर्चीत बसलं की डाव्या पायात तापलेली तार ओढल्यासारखं व्हायचं. रिक्षातून क्रांती चौकापर्यंत जायचं तरी मी आधी वाटेतले खड्डे आठवून बघत असे.

माझी एकच बहीण, माझ्याहून धाकटी, यवतमाळला दिलेली. आम्ही दोघी गुलमंडीजवळच्या भाड्याच्या खोल्यांत वाढलो. लग्नानंतर तिच्या बोलण्यात वऱ्हाडी इतकं भिनलं की ती फोनवर 'काऊन वो ताई' म्हणाली की मला हसू यायचं, आणि मी हसले की तिला राग यायचा. माझं ऑपरेशन झालं त्याच्या आगंमागंच तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. डायलिसिस सुरू झालं. दर दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात जाऊन पडायचं, त्यामुळं तिला गाव सोडता येईना. मला गाडीत बसता येईना. यवतमाळला इथून धड रेल्वे नाही. आम्ही रोज व्हिडिओवर एकमेकींची तोंडं बघायचो. ती म्हणायची, "ताई, या फोनमध्ये तू लई म्हातारी दिसून राहिली. एकदा समोर ये, खरं काय ते बघू दे."

आता ह्यांच्याबद्दल सांगते. माझे मिस्टर वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. गाड्यांचे सुटे भाग बनायचे तिथं. आलेला माल तपासायचा आणि नाकारायचा, हे त्यांचं जन्मभराचं काम. कारखान्यात त्यांना मान होता, कारण त्यांनी पास केलेला भाग पुढं कधी परत आला नाही. घरी मात्र त्याचा त्रास व्हायचा. नव्या पडद्याची शिवण, सुताराचं ड्रॉवर, माझी पोळी, सगळं आधी उजेडाला धरून बघायचे. पण माझ्या दुखण्यात त्यांनी माझं सगळं केलं, हे सांगायला पाहिजे. अंघोळ घातली, वेणी घातली. ऑपरेशननंतरच्या त्या आठवड्यात मी दुखण्यानं रडायचे तेव्हा हे भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. त्यांना ते बघवत नव्हतं.

मोटरहोमची कल्पना त्यांचीच. पुण्याच्या एका हौशी माणसानं व्हॅनवर बांधून घेतलेली होती, वापरून कंटाळला होता. आत झोपायला पलंग, छोटा ओटा, फ्रिज, मोरी, पाण्याची टाकी. ह्यांनी ती इथं आणली, दारात उभी केली आणि मला हाताला धरून आत नेलं. "तू आडवी पडून यायचं," ते म्हणाले. "मी चालवीन. पहिली ट्रिप यवतमाळ." मी त्या पलंगावर आडवी पडले आणि छताकडं बघत तिथूनच बहिणीला फोन लावला. तिला खरं वाटेना. "पलंगावर झोपून येतेस? महाराणीच आहेस बाप्पा," म्हणाली. त्या दिवसासाठी मी ह्यांना आजही काही बोलू शकत नाही. हेतू चांगलाच होता.

आधी जवळची चाचणी म्हणून दौलताबादला निघालो. पलंग गाडीच्या पार मागच्या टोकाला, मागच्या चाकांच्याही मागं होता. छावणी ओलांडेपर्यंतच मला कळलं की हे जमणार नाही. प्रत्येक गतिरोधकाला गाडीचं शेपूट वर उडायचं आणि मला हवेत टाकून परत झेलायचं. वळणावर सगळी गाडी एका अंगाला झुकायची, ओट्यावरची भांडी घरंगळायची. मी उशी दातात धरली. किल्ल्याच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा मला उठता येईना. ह्यांनी मागं येऊन बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रस्त्याकडेच्या बाईकडून सीताफळं आणली, मला आडव्यानंच चमच्यानं भरवली. मग म्हणाले, "गाडी नीट करून घेऊ. मग जाऊ."

मला ते पटलं. किंबहुना बरं वाटलं, की माझ्यासाठी कुणी गाडी नीट करणार आहे.

त्यानंतर हे कामाला लागले. निवृत्तीनंतर कोमेजलेला माणूस पुन्हा ताजा झाला. दुपारभर फोनवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघायचे, मोटरहोमची चाल कशी सुधारावी याचे. जेवताना मला समजावून सांगायचे. राइड म्हणजे आत बसलेल्याला काय जाणवतं ते. हँडलिंग म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या किती ताब्यात राहते ते. या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. मऊ केली की डोलते, कडक केली की आदळते. सगळी कला मधली जागा शोधण्यात आहे. मी म्हणायचे, बरं.

पहिल्या काही आठवड्यांत खरोखरच फरक पडला. जालना रोडवरच्या वजनकाट्यावर गाडी नेली. एकदा नुसती पुढची चाकं काट्यावर घेतली, एकदा मागची, एकदा एकच बाजू. कळलं ते असं, की पाण्याची टाकी, फ्रिज आणि बॅटऱ्या सगळ्या उजवीकडं कोंबल्या होत्या, म्हणून ती एका अंगाला झुकायची. आणि टायरमध्ये हवा गरजेपेक्षा खूप जास्त होती, म्हणून लहानसा खडाही अंगाला लागायचा. ह्यांनी टाकी मधोमध आणून खाली बसवली. हवा वजनाच्या हिशेबानं कमी केली. आणि सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे पलंग मागच्या टोकावरून काढून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आणला. झोपाळ्याच्या टोकाला बसण्यात आणि मध्ये बसण्यात जो फरक, तो पडला. आम्ही हर्सूलवरून फुलंब्रीपर्यंत गेलो आणि आलो. पाठ दुखली, पण सोसवेल इतकीच.

घरी आल्यावर मी म्हणाले, "झालं की. आता निघू या."

हे म्हणाले, "अजून नाही. चौक्याच्या घाटात डोलली, तुला कळलं नाही, स्टिअरिंग माझ्या हातात होतं."

तिथून पुढं सगळं बिघडत गेलं, पण बिघडतंय असं दिसत नव्हतं, कारण गाडी सुधारत होती.

फुलंब्रीचा रस्ता हा त्यांचा ठरलेला रस्ता झाला. त्यात सगळं आहे म्हणायचे, गुळगुळीत, उखडलेलं, चढ, वळण, गतिरोधक. दर आठवड्याला काहीतरी नवं बसवायचं, मग मला पलंगावर झोपवून फुलंब्रीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. परत आल्यावर मी दहापैकी मार्क द्यायचे. कंबरेला किती, मानेला किती, पायातली कळ उठली की नाही. वाटेत सावंगीला समृद्धी महामार्ग पुलावरून आडवा जातो. तिथून वर चढलं की दुपारपर्यंत कारंजा, तिथून दारव्ह्यावरून यवतमाळ. आम्ही दर वेळी त्या पुलाखालून जायचो. आडवी पडल्यावर मला खिडकीतून रस्ता दिसायचा नाही, पुलाची सावली आत येऊन जायची तेवढी दिसायची. सुरुवातीला मी म्हणायचे, "अहो, वळवा ना आजच." हे हसायचे. मग मी म्हणायचं सोडलं.

चिकलठाण्याच्या बाजूला एक गॅरेजवाला होता, ट्रकच्या पाट्यांचं काम करणारा. पाटे म्हणजे चाकांच्या वर एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, गाडीचं वजन ज्या झेलतात. ह्यांची तिथं बैठक जमली. आधी एक पाटा वाढवला, त्यानं गाडी डोलायची थांबली पण आदळायला लागली. मग तो काढला. मग धक्के जिरवणारे शॉक बदलले. मग दोन्ही चाकांना जोडणारी आडवी सळई जाड घातली, तिनं वळणावरचं झुकणं गेलं, पण एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकालाही कळायला लागला. मग हवेचे फुगे आणले, पाट्यांना मदत म्हणून. गॅरेजवाला कशालाच नाही म्हणायचा नाही. "करून देतो ना साहब," एवढंच. त्याचा धंदा होता तो. एकदा मी गाडीत पडलेली असताना खिडकीशी येऊन म्हणाला, "भाभी, साहबला लई शौक आहे. असा गिऱ्हाईक मी बघितला नाय."

मी म्हणाले, "तुम्ही तरी सांगा त्यांना, गाडी झाली म्हणून."

"हौ," म्हणाला आणि कामाला निघून गेला. सांगितलं नाही.

बहिणीला मी फोनवर सगळं सांगायचे. आधी तिला मजा वाटायची. फुगे बसवले म्हटल्यावर म्हणाली, "उडून येता का आता?" पुढं पुढं ती विचारेनाशी झाली. मीच विषय काढला तर म्हणायची, "येशील गं, घाई काऊन करतेस." तिची फुगलेली बोटं कॅमेऱ्यासमोर यायची. चेहऱ्याचा रंग बदलत होता. मला ते दिसत होतं, आणि मी ह्यांनाही दाखवत होते. हे फोन हातात घेऊन तिच्याशी प्रेमानं बोलायचे. "बस, एवढा मागचा शॉक नीट बसू दे, की आलोच बघा." खरंच तसं वाटायचं त्यांना. त्यात खोटं काही नव्हतं.

मग एक दिवस मी ठरवलं की आता मार्क पूर्ण द्यायचे. फुलंब्रीहून परत आलो, हे मागं आले, विचारलं, "कंबर?" मी म्हणाले, "दहा." "मान?" "दहा." "पाय?" मी म्हणाले, "काहीच झालं नाही. घरात पडल्यासारखं वाटलं. उद्या निघू या."

ह्यांनी पलंगाच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेला त्यांचा फोन काढला. त्यात धक्के मोजणारं काहीतरी ॲप घेतलं होतं, मला माहीत नव्हतं. त्यावरची वेडीवाकडी रेघ माझ्यासमोर धरली. "हे बघ," म्हणाले. "चौक्याच्या अलीकडं इथं केवढा दणका बसलाय. तुला लागलंच असणार. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

"तुमच्यासाठी नाही बोलले," मी म्हणाले.

त्यांना ते समजलं नाही. त्यांना वाटलं मी त्यांची कदर म्हणून चांगलं बोलले, आणि त्यांना गहिवरून आलं. माझ्या खांद्यावर थोपटून खाली उतरले आणि पुढच्या चाकाशी बसले. मी तिथंच पडून राहिले. ज्या माणसानं माझी वेणी घातली त्याला माझ्या शब्दापेक्षा त्या रेघेचा भरवसा जास्त होता, हे त्या दिवशी मला कळलं. कळलं तरी काय करणार. जेवायला काय करू, एवढंच विचारलं मी.

भाच्याचा फोन आला तो सकाळी, मी देवाजवळ दिवा लावत होते. "मावशी, आईला आयसीयूत घेतलंय. तू येऊ शकशील का?" मी म्हणाले, निघतोच. हे घरी नव्हते, फोन उचलत नव्हते. मी रिक्षा केली आणि चिकलठाण्याला गेले, रिक्षात अर्धी उभी, अर्धी बसलेली.

गाडी लाकडी ओंडक्यांवर ठेवलेली होती. मागची चाकं नव्हती. पाटेही नव्हते, नवीन बनवून येणार होते, ह्यांनी सांगितलेल्या मापाचे, पातळ आणि लांब. हे गाडीखाली डोकं घालून बसले होते. मी सांगितलं. ते उठले, हात पुसले. मग गॅरेजवाल्याला विचारलं, पाटे कधी येणार. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत येतात, उद्या जोडतो.

"परवा सकाळी निघू," हे म्हणाले.

"आत्ता भाड्यानं गाडी करू."

"भाड्याच्या गाडीत तू कारंज्यापर्यंत टिकायची नाहीस. आणि तिथं पोचून तुलाच ॲडमिट करायची वेळ आली तर? तिच्या घरच्यांनी कुणाकडं बघायचं? तिच्याकडं का तुझ्याकडं?"

माझ्यावर ओझं होण्याचा आरोप याआधी कुणी केला नव्हता. हाही आरोप नव्हता, काळजी होती, पण मला तो तिथंच लागला जिथं माझी सगळ्यात जास्त भीती होती. मी पुन्हा भाड्याच्या गाडीचं नाव काढलं नाही. गॅरेजवाल्यानं मला बाकावर आडवं व्हायला जागा करून दिली. मी नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गेल्याचा फोन आला. पाटे तेव्हा गॅरेजच्या दारात येऊन पडलेले होते.

मग भाड्याची गाडी आलीच. मेल्यावर घाई करायला कुणाची हरकत नसते. फुलंब्रीकडचा ड्रायव्हर होता, मधलं सीट पाडून त्यानं त्यावर गादी टाकली, त्यावर मी पडले, हे पुढं बसले. सावंगीला गाडी वर चढली, आणि त्यानंतर मला जवळजवळ काहीच लागलं नाही. सरळ, सपाट रस्ता. ड्रायव्हर एकदा चहाला थांबला, तेव्हा मी गाडीभोवती फेऱ्या मारल्या. कारंज्यानंतरच्या रस्त्यावर दुखलं, चांगलंच दुखलं, पण नोकरीत असताना काउंटरवर दिवसभर बसून घरी आल्यावर जितकं दुखायचं त्याहून फार जास्त नाही. हे सारखे मागं वळून विचारत होते, "ठीक आहेस ना?"  मला रडू येत होतं ते बहिणीसाठी होतं की या सोप्या रस्त्यासाठी, ते मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परतून अंगणात पाय धूत होते. माझ्यासाठी थांबवलं नव्हतं. थांबवायला कुणी सांगितलंच नव्हतं. बहिणीचे यजमान पुढं आले, मला धरून आत नेलं आणि म्हणाले, "ताई, एवढ्या लांबून आलात, आधी पाठ टेका."

आतल्या खोलीत एक पलंग होता. त्यावर गादीखाली जाड फळी टाकलेली. मी बसले तसं ते मला कळलं. भावजींनी सांगितलं, "तुमच्यासाठी करून घेतली तिनं. मऊ गादीवर ताईला झोपता यायचं नाही म्हणाली. सुताराला घरी बोलावून माप दिलं. तुम्ही निघणार निघणार म्हणत होता ना, तेव्हापासून टाकून ठेवलीय. त्या पलंगावर कुणाला झोपू देत नव्हती."

तेराव्यापर्यंत मी त्या फळीवर झोपले. पाठीला इतका आराम मला ऑपरेशननंतर कुठंच मिळाला नव्हता. हे तिसऱ्या दिवशी परत गेले. पाटे जोडायचे राहिले होते आणि गॅरेजवाल्याला जागा मोकळी करून हवी होती. जाताना मला म्हणाले, "तुला न्यायला आपली गाडी घेऊन येतो." मी म्हणाले, नको. मी एकटी, त्याच ड्रायव्हरला बोलावून परत आले.

आल्यावर काही दिवस आम्ही बोललोच नाही. मग एका दुपारी मी ताटं वाढताना म्हणाले, "टाकी हलवली आणि पलंग मध्ये आणला, त्या आठवड्यात आपण जाऊ शकलो असतो."

"तेव्हा गाडी तयार नव्हती."

"मी तयार होते."

ह्यांनी वरण कालवता कालवता हात थांबवला. "मग ठामपणे सांगायचं होतंस," म्हणाले.

 ते भांडत नव्हते. त्यांना खरंच असं वाटत होतं, की एक माहिती त्यांच्यापर्यंत पोचायची राहून गेली. मग म्हणाले, "तुला वाटेत काही झालं असतं तर? मी तुला तसं परत बघू शकलो नसतो." मला माहीत होतं ते. तेवढ्यासाठी माझी बहीण वर्षभर वाट बघत राहिली. मी ताट उचललं आणि आत गेले.

गाडी पुढं पूर्ण झाली. एकदा, त्यांच्या फार आग्रहावरून, मी तिच्यात पडून आले. इथं मला खरं सांगितलं पाहिजे. गाडी अप्रतिम झाली होती. उखडलेल्या रस्त्यावर नुसती श्वास घेतल्यासारखी वरखाली व्हायची. वळणावर सरळ राहायची. ओट्यावरचं भांडं हललं नाही. ह्यांनी जे करायचं म्हटलं होतं ते केलं होतं, आणि इतकं नीट केलं होतं की त्यांना दोष द्यायला त्यात जागाच नव्हती. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "किती?" मी म्हणाले, "मी आता मार्क देत नाही."

आता त्यांचं नाव झालंय. मोटरहोमवाल्यांचे ग्रुप असतात फोनवर, त्यात कुणीतरी ह्यांच्याबद्दल लिहिलं. पुण्याहून, नाशिकहून तरुण जोडपी गाड्या घेऊन येतात. काका, आमची डोलते. काका, आमची मागून उडते. हे त्यांना वजनकाट्यावर नेतात, हवा बघतात, सामान इकडचं तिकडं करायला लावतात. मुलं खूश होऊन जातात. मी चहा करते. अशीच एक मुलगी ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "काकू, काकांनी हे सगळं तुमच्यासाठी केलं ना? किती गोड. कुठं कुठं फिरलात तुम्ही?"

"फुलंब्रीपर्यंत," मी म्हणाले.

तिला तो विनोद वाटला. बाहेर जाऊन तिनं नवऱ्याला सांगितला, तो हसला, आणि हेही हसले.

मी पलंगावर पडायला नाही म्हटल्यानंतर ह्यांनी वाळूची पोती आणली. माझं वजन विचारलं, मी सांगितलं. कंबरेच्या जागी जड पोतं, पायाच्या जागी हलकं, असं पलंगावर मांडलं आणि पट्ट्यांनी बांधून टाकलं. आठवड्यातून एकदा ती पोती घेऊन हर्सूलकडं जातात, परत येऊन फोनमधली रेघ बघतात. शेजारणीनं विचारलं, ही वाळू कशाला. मी म्हणाले, ती मी आहे.

बहिणीच्या वर्षश्राद्धाला यवतमाळला जायचं होतं. मी आदल्या आठवड्यातच त्या फुलंब्रीच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. सकाळी बॅग घेऊन खाली आले, तर हे मोटरहोमशी उभे. नाहून, इस्त्रीचा शर्ट घालून. दार उघडं होतं. आतली पोती काढली होती, पलंगावर धुतलेली चादर, उशीला नवा अभ्रा. पाण्याची बाटली उशाशी ठेवलेली.

"एकदम तयार आहे," ते म्हणाले. "चल."

माझी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली होती. मी त्यांच्याकडं बघितलं. माणूस म्हातारा दिसत होता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

"तुम्ही यायचं तर त्या गाडीत पुढं बसा," मी म्हणाले. "मी निघाले."

ते मोटरहोमच्या दाराला हात लावून उभे राहिले. मी मागच्या सीटवर गादी टाकून घेतली, आडवी झाले. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "काका येणार का?"

मी जरा थांबले. पावलं वाजली नाहीत.

"नाही," मी म्हणाले. "चल."